आकडा कोणी ठरवायचा? तंत्रज्ञशाही, समाजवाद आणि कालव्याचे शेवटचे टोक

पुरस्कर्ता : परभणी जिल्ह्याला डाव्या विचारांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत इथून शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून गेले, १९७७ मध्ये त्याच पक्षाचे शेषराव देशमुख. ‘कसेल त्याची जमीन’ ही मागणी इथे जुनी आहे. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला, १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, काहींच्या नावावर जमिनी झाल्याही. पण नावावर झालेली जमीन कोरडवाहू असेल तर सातबारा बदलतो, दारिद्र्य तसेच राहते. या जिल्ह्यातला खरा प्रश्न पाण्याचा आहे, आणि त्यावर सर्वांत ठोस पाऊल कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यातून पडलेले नाही. ते पडले २०१४ मध्ये, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या एका आदेशाने. ऑक्टोबरच्या मध्याला पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या बाजूच्या नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या धरणांतून ठरलेल्या हिशेबाने पाणी खाली सोडायचे, असे त्या आदेशाने ठरवले. त्याला आधार होता मेंढेगिरी अभ्यासगटाने मांडलेल्या गणिताचा. जे साठ वर्षांच्या घोषणांनी झाले नाही ते जाणकारांच्या कोष्टकाने केले. म्हणून मी तंत्रज्ञशाहीच्या बाजूने बोलतो. सामायिक साधनसंपत्तीचे निर्णय त्या साधनाचे शास्त्र जाणणाऱ्यांच्या हाती असावेत, एवढेच माझे म्हणणे.

शंकाकार : तुमच्या उदाहरणातला आदेश खरा आहे. पण तो कशाच्या बळावर निघाला, तेही पाहू. प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. त्याच्या बाराव्या कलमात नदीखोऱ्यात समन्यायी पाणीवाटप व्हावे आणि टंचाईच्या वर्षी तुटीचा भार सर्वांनी वाटून घ्यावा असे तत्त्व आहे. हे तत्त्व जलशास्त्रातून निघत नाही. नदीतून किती पाणी वाहते हे शास्त्र सांगते. वरच्याने खालच्यासाठी काही सोडले पाहिजे, हे शास्त्र कधीच सांगत नाही. तो नैतिक आणि राजकीय निर्णय आहे, आणि महाराष्ट्रात तो रुजवण्यासाठी माणसांनी आयुष्ये खर्ची घातली. सांगली-सातारा भागात नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या चळवळींनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी गावोगाव नेली. मराठवाड्यात गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी प्रादेशिक अन्यायाचा प्रश्न धसास लावला. त्या मागण्यांनी जे वातावरण तयार केले त्यातच अशा कायद्याला जागा झाली. मग अभियंत्यांनी त्या तत्त्वाला आकडा दिला. आकडा देणे मोठे काम आहे, मी ते कमी लेखत नाही. पण आकड्याला तत्त्वाचा जनक म्हटले की पुढचे सगळे उलटे दिसू लागते.

पुरस्कर्ता : मग आधी तंत्रज्ञशाही, समाजवाद आणि साम्यवाद या तीन विचारसरणींमधले नाते नीट मांडू. तंत्रज्ञशाही आणि साम्यवाद हे एकमेकांचे परके नाहीत. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १९२१ मध्ये मांडले की आधुनिक उद्योग अभियंते चालवतात आणि नफ्यामागे लागलेले मालक तो अडवतात. हॉवर्ड स्कॉट यांनी पुढे १९३० च्या महामंदीत अमेरिकेत ‘टेक्नोक्रसी’ची चळवळ उभी केली, पैशाऐवजी ऊर्जेच्या मापावर वाटप करायची योजना मांडली. बाजारभाव हा समाजाची गरज मोजायला निकामी आहे, यावर समाजवादी, साम्यवादी आणि तंत्रज्ञशाहीवादी तिघांचेही एकमत आहे. योजनेवर तिघांचाही विश्वास आहे. फरक निदानात आहे. साम्यवाद म्हणतो, उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची हे बदला, बाकीचे बदलेल. समाजवाद म्हणतो, मालकी आणि वाटप लोकशाही मार्गाने समाजाच्या ताब्यात आणा. तंत्रज्ञशाही म्हणते, मालक कोणीही असो, अज्ञानाने घेतलेला निर्णय वायाच जातो; म्हणून प्रश्न मालकीचा कमी आणि जाणकारीचा अधिक आहे. आणि आणखी एक गोष्ट पाहा. माणसांवरच्या राज्याची जागा एक दिवस वस्तूंचे व्यवस्थापन घेईल ही कल्पना सेंट सायमनच्या विचारातली, आणि एंगेल्सने तीच साम्यवादाच्या अंतिम टप्प्यासाठी वापरली. म्हणजे साम्यवादाचे शेवटचे स्वप्न जाणकार व्यवस्थापनाचेच आहे. तो ते क्रांतीनंतरच्या भविष्यावर टाकतो, मी ते आजच्या कालव्यावर मागतो.

शंकाकार : वस्तूंचे व्यवस्थापन आणि माणसांवरचे राज्य वेगळे करता येते, इथेच माझी पहिली शंका आहे. पाणी ही वस्तू आहे, पण कालव्याचे दार उघडणे म्हणजे एका माणसाला देणे आणि दुसऱ्याला थांबवणे. जाणकारी कोणाच्या सेवेत आहे हा प्रश्न मालकीच्या प्रश्नापासून सुटत नाही, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर निजामाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना हैदराबादेत बोलावले. हे तेच अभियंते, ज्यांनी त्याआधी खडकवासल्याला स्वयंचलित दारे बसवली होती. त्यांच्या आराखड्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. पुढे अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली निजामसागर झाला. अभियांत्रिकी म्हणून ही कामे पहिल्या प्रतीची होती. पण त्याच राज्यात जहागिऱ्या होत्या, वेठबिगारी होती, खेड्यातल्या माणसाला राज्यकारभारात आवाज नव्हता. त्याच राज्याच्या तेलंगणात १९४६ पासून शेतकऱ्यांना हत्यार उचलावेसे वाटले. उत्तम अभियंता आणि अन्यायी राज्य हे एकत्र सुखाने नांदू शकतात. धरण बांधण्याच्या ज्ञानातून वेठ मोडण्याचे ज्ञान आपोआप येत नाही. ते काम १७ सप्टेंबर १९४८ च्या, म्हणजे हैदराबाद मुक्तीच्या, आधी आणि नंतर राजकारणानेच केले, त्यात डाव्यांचा वाटा मोठा होता.

पुरस्कर्ता : राजेशाहीतला अभियंता राजाचा नोकर असतो, त्याला तंत्रज्ञशाही म्हणत नाहीत. जाणकाराला निर्णयाचा अधिकार नसतो तेव्हा काय होते, याचे उदाहरण खुद्द जायकवाडी आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी पैठणला पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी प्रकल्पाचे उद्घाटन केले. डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा, तो जालना जिल्हा ओलांडून पाथरी, मानवतवरून परभणीपर्यंत येतो. वरून अमुक इतके पाणी येईल असा हिशेब धरून धरण मोठे बांधले. मग त्याच राज्याने, त्याच खोऱ्यात, वरच्या अंगाला आणखी धरणे मंजूर केली. प्रत्येक धरणाला मतदारसंघ होता, प्रत्येक मंजुरीला कोणीतरी पुढारी होता. संपूर्ण खोऱ्याचा एकत्र हिशेब करून ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार कोणत्याही जाणकार संस्थेकडे नव्हता. परिणाम सगळ्यांसमोर आहे : अनेक वर्षी जायकवाडीचा नाथसागर जलाशय भरत नाही, आणि भरला नाही की पहिली झळ कालव्याच्या टोकाला बसते. आता दुसरी बाजू घ्या. जिथे साम्यवादी पक्षाने जाणकारांना आपल्या मुठीत ठेवले तिथे काय झाले? १९२० मध्ये रशियाच्या विद्युतीकरणाचा आराखडा सुमारे दोनशे शास्त्रज्ञ-अभियंत्यांनी बनवला, ती सुरुवात उमेदीची होती. आठ वर्षांत अभियंत्यांवर शाख्तीचा खटला उभा राहिला, १९३० मध्ये ‘औद्योगिक पक्षा’चा. अवाढव्य प्रकल्पांवर शास्त्रीय आक्षेप घेणारे प्योत्र पालचिन्स्की १९२९ मध्ये गोळीला बळी पडले. पुढे त्याच व्यवस्थेने कापसासाठी नद्या वळवून अरल समुद्र आटवला. खरे बोलणारा अभियंता नाहीसा केला की योजना आंधळी होते.

शंकाकार : पालचिन्स्कींची हत्या हा साम्यवादी राजवटीवरचा कलंक आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण अरलचा धडा तुम्ही अर्धाच घेतला. नद्या वळवणारे अडाणी नव्हते. समुद्र आटेल याचा अंदाज त्यांच्यातल्या अनेकांना होता. कापूस अधिक मोलाचा आहे असा हिशेब त्यांनी मांडला होता. तो हिशेब त्यांच्या कोष्टकात बरोबरही असेल. किनाऱ्यावरच्या कोळ्याला त्या हिशेबाला नाही म्हणण्याचा मार्ग नव्हता, हे खरे कारण. म्हणून मी साम्यवाद आणि लोकशाही समाजवाद यांत रेघ ओढतो. एकपक्षीय साम्यवाद आणि तुमची तंत्रज्ञशाही यांच्यात एक साम्य आहे : दोघांनाही वाटते की योग्य उत्तर एकच असते आणि ते त्यांच्याकडे आहे. एकाला ते इतिहासाच्या नियमांतून मिळाले, दुसऱ्याला मोजमापातून. लोकशाही समाजवादाला उत्तर सामायिक हवे आहे, पण ज्याचे नुकसान होते त्याचा नकार ऐकण्याची जागाही हवी आहे. तुमचे जायकवाडीचे उदाहरणही मला पूर्ण पटत नाही. वरच्या धरणांचे आराखडे पुढाऱ्यांनी काढले नाहीत. प्रत्येक आराखड्यावर अभियंत्याची सही आहे, प्रत्येकात पाण्याच्या उपलब्धतेचा दाखला आहे. आपापल्या प्रकल्पापुरता प्रत्येक जाणकार बरोबर होता.

पुरस्कर्ता : ते दाखले कोणाच्या दबावाखाली दिले गेले, हाही प्रश्न आहे. तो बाजूला ठेवून मी मोजमापाच्या बाजूचा मुख्य मुद्दा मांडतो. मोजमाप हे दुर्बळाचे हत्यार आहे. कालव्यावर उभे राहून पाहा. वितरिकेच्या तोंडाशी बांधीव पात्रात सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी असते. पाणी पट्टीवर कुठवर चढले त्यावरून सेकंदाला किती पाणी जाते ते कोष्टकात पाहून कळते. ही पट्टी शाबूत असेल आणि तिची नोंद रोज होत असेल, तरच टोकाच्या शेतकऱ्याला सांगता येते की आवर्तनात त्याच्या चारीला इतके पाणी यायला हवे होते आणि इतके कमी आले. पट्टी मोडली असेल, तर रात्री कालव्यात मोटारी टाकून पाणी उपसणारा वरचा शेतकरी आणि खालचा कोरडा शेतकरी दोघांचेही म्हणणे फक्त म्हणणे राहते, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे होते. प्रदेशांच्या बाबतीतही हेच घडले. मराठवाडा मागे आहे ही तक्रार जुनी, पण वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ च्या अहवालात सिंचन, रस्ते, शाळा, आरोग्य यांचा जिल्हावार अनुशेष काढला तेव्हा त्या तक्रारीला नाकारता न येणारे रूप आले. समतेची भाषा करणाऱ्या कोणत्याही सभेपेक्षा त्या तक्त्याचे वजन सरकारदरबारी अधिक पडले. जे मोजलेले नाही ते वाटता येत नाही. समाजवादालाही हे टाळता येणार नाही.

शंकाकार : टाळायचे नाहीच. पण मोजमाप नेहमी दुर्बळाच्या बाजूने उभे राहते हे खरे नाही, ते कसे मोजायचे यावर सगळे ठरते. पीक विमा घ्या. परभणीत सोयाबीनच्या विम्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, त्या असंतोषाचे मूळ या योजनेच्या गणितात शिरल्याशिवाय कळत नाही. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाईचा आधार म्हणजे उंबरठा उत्पादन. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि महाराष्ट्रात बहुधा तिच्या ७० टक्के धरायचे. महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांत त्याहून कमी उतारा आला तरच भरपाई. सूत्र स्वच्छ आहे, सगळ्यांना सारखे आहे. पण जिथे सात वर्षांत तीन-चार वर्षे दुष्काळाची किंवा अतिवृष्टीची जातात तिथे ‘चांगल्या पाच’मध्येही वाईट वर्ष शिरते. उंबरठाच खाली घसरतो. म्हणजे जितके जास्त नुकसान सोसले तितके पुढचे नुकसान कमी मानले जाते. बागायती जिल्ह्याचा उंबरठा उंच, कोरडवाहूचा खाली. तसेच पावसाचे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर ही अतिवृष्टीची रेघ, आणि मंडळाचे पर्जन्यमापक एका ठिकाणी. मंडळात कितीतरी गावे येतात, वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि शेजारच्यात शिंतोडे पडतात. यंत्र खोटे बोलत नाही. पण यंत्र कुठे बसवायचे, रेघ कुठे ओढायची, कोणती वर्षे चांगली म्हणायची, हे सगळे कोणीतरी ठरवलेले असते. एकदा ते सूत्रात गेले की निर्णय म्हणून दिसत नाही, निसर्गनियम म्हणून दिसू लागते. अन्याय करणाऱ्या सावकाराशी भांडता येत असे, सरासरीशी कोणी कसे भांडावे?

पुरस्कर्ता : सरासरीशी दुसऱ्या, अधिक चांगल्या सरासरीने भांडावे. उंबरठ्याचे सूत्र कोरडवाहू भागाला मारक आहे हे तुम्ही आत्ता मला गणितानेच दाखवले. पर्जन्यमापके वाढवा, उपग्रहाच्या नोंदी जोडा, उंबरठा जमिनीच्या क्षमतेवरून काढा. वाईट गणितावरचा उपाय चांगले गणित हाच आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून नेमके हेच करत आले. केवडा रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी शेतकऱ्याने मोर्चाने मिळवली नाही, ती प्रयोगाच्या वाफ्यातून आली. आता तुमच्या लोकशाही समाजवादाला मी सर्वांत अवघड प्रश्न विचारतो. समाजाच्या ताब्यात द्यायचे म्हणता, पण कोणता समाज? गोदावरीच्या वरच्या अंगाला माणसे आहेत, मते आहेत, साखर कारखाने आहेत, सर्व पक्षांचे आमदार आहेत. पाणी सोडायची वेळ आली की तिथले सगळे पक्ष एक होतात. लाभक्षेत्रातही तेच. आवर्तने किती आणि कधी, हे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची कालवा सल्लागार समिती ठरवते. ती लोकप्रतिनिधींचीच समिती आहे, आणि तरीही थोड्या क्षेत्रावरचा ऊस मोठे पाणी पितो आणि टोकाचा हरभरा वाळतो. २०२३ च्या दुष्काळात वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तो मतदानाने निघाला नाही. मतांचे बळ वरच्या बाजूला होते. खालच्या अल्पसंख्याला वाचवले ते निवडून न आलेल्या प्राधिकरणाच्या सूत्राने आणि २०१६ मध्ये ते उचलून धरणाऱ्या उच्च न्यायालयाने. बहुमताच्या तावडीतून दुबळ्याला सोडवायला असा एक न झुकणारा आकडाच लागतो.

शंकाकार : हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो मी मान्य करतो. बहुमताला समता नेहमी नको असते. जवळचे बहुमत दूरच्याचे पाणी सहज पिते. समाजवादाने या प्रश्नाकडे फार वेळ डोळेझाक केली. त्याने वर्ग पाहिला, पण एकाच वर्गातला वरचा शेतकरी आणि खालचा शेतकरी यांच्यातली दरी पाहिली नाही. आठमाही पिकांसाठी आखलेल्या कालव्यावर ऊस लावणारा नेहमीच जमीनदार नसतो, पाच एकरांचा शेतकरीही असतो. पण तुमचा तो न झुकणारा आकडा खरोखर झुकत नाही का? ६५ टक्क्यांची मर्यादा ५८ वर आणावी अशी शिफारस पुढच्या अभ्यासगटाने केली आणि मराठवाड्यातून तिला विरोध सुरू झाला. पहिला गट जाणकारांचा, दुसराही जाणकारांचा. नदी तीच, धरण तेच. कोरड्या पात्रातून पाणी सोडले की वाटेत मुरते आणि बाष्पीभवनात जाते, हा वरच्यांचा आक्षेपही खोटा नाही. मग ६५ आणि ५८ यांतला फरक कुठून आला? वरच्याच्या किती गरजा अगोदर भागवायच्या, कोणती वर्षे प्रमाण मानायची, पिण्याचे आणि उद्योगाचे पाणी कुठे धरायचे, या निवडींतून. त्या निवडी करणाऱ्यांमध्ये पाथरी-मानवतच्या शेतकऱ्याला उत्तर देण्यास बांधलेले कोण आहे? प्राधिकरणाचा अध्यक्ष मुख्य सचिवाच्या दर्जाचा, सदस्य जल अभियांत्रिकीचे आणि जलअर्थशास्त्राचे तज्ज्ञ, सगळे नेमलेले. आज हा आकडा तुमच्या बाजूने आहे म्हणून तो तुम्हाला ढाल वाटतो. उद्या तो खाली आला तर तुम्ही कोणत्या दारात जाल? शास्त्राच्या दारात गेलात तर तिथे दुसरे शास्त्रज्ञ बसलेले असतील. अखेर रस्त्यावर आणि विधानसभेतच यावे लागेल, म्हणजे ज्या राजकारणातून सुटका हवी होती त्याच्याकडेच.

पुरस्कर्ता : तरीही मी म्हणेन, ६५ की ५८ या वादात दोन्ही बाजू एकाच कोष्टकावर बोट ठेवून बोलू शकतात, हेच मोठे पाऊल आहे. त्याआधी वाद ‘आमचे पाणी’ आणि ‘तुमचे पाणी’ एवढाच होता. तुमच्याकडे याला पर्याय कोणता आहे? लोकांनी एकत्र बसून ठरवावे हे ऐकायला चांगले वाटते. लाभक्षेत्रात २००५ च्याच दुसऱ्या एका कायद्याने पाणीवापर संस्था आणल्या, त्यांना मोजून पाणी द्यायचे ठरवले. किती ठिकाणी त्या कागदावरच राहिल्या आणि किती ठिकाणी गावातल्या बलवानांच्या हाती गेल्या, हे लाभक्षेत्रातल्या कोणालाही ठाऊक आहे. २०८ किलोमीटरचा कालवा ग्रामसभेने चालत नाही.

शंकाकार : पर्याय आहेत, आणि त्यांतला एक अभियंत्यानेच दाखवला. विलासराव साळुंखे अभियंता आणि उद्योजक होते. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम पाहा. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणशी मिळेल : दरडोई अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. उसाला मनाई. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीपासून तोडणे हा लाल बावट्याच्या मागण्यांइतकाच मूलगामी विचार आहे, आणि तो पाणलोटाच्या अचूक हिशेबाशिवाय एक हंगामही टिकला नसता. तिथे माणशी वाटा हे तत्त्व आधी आले, एकरभर पिकाला किती पाणी लागते हे गणित मागून आले. केरळात १९९६ मध्ये डाव्या सरकारने लोकनियोजन सुरू केले, योजनेच्या निधीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग स्थानिक संस्थांकडे दिला आणि आराखडे तपासायला निवृत्त अभियंते, तज्ज्ञ यांची स्वयंसेवी तांत्रिक पथके उभी केली. निर्णय ग्रामसभेचा, छाननी जाणकारांची. साम्यवादी पक्षाने जाणकाराला मारायचे नाही आणि राज्यावरही बसवायचे नाही, असा तो प्रयत्न होता. त्याच्याही मर्यादा होत्या, पण दिशा तिथे आहे.

पुरस्कर्ता : नायगाव लहान आहे. तिथे शेजारी शेजाऱ्याचे पीक डोळ्यांनी पाहतो, मर्यादा मोडणारा लगेच कळतो. पैठणपासून परभणीपर्यंत माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. इथे विश्वासाची जागा मोजमापानेच भरावी लागेल, आणि ते मोजमाप दर निवडणुकीला बदलता येता कामा नये. एवढे मात्र मी तुमच्याकडून घेतो : तत्त्व कोणते, हे अभियंत्याने ठरवू नये. समान तूट वाटायची की उत्पादन जास्त तिथे पाणी द्यायचे, माणशी द्यायचे की एकरी, हा निर्णय समाजाचा आहे आणि तो उघडपणे घेतला पाहिजे. पण एकदा तो झाला की त्याचा आकडा काढणारी संस्था मंत्र्याच्या आणि मतदारसंघाच्या हाताबाहेर असली पाहिजे. नाहीतर तत्त्व कायद्यात राहील आणि पाणी वरच्या धरणात.

शंकाकार : आणि मी तुमच्याकडून हे घेतो की मोजमापाशिवाय समता म्हणजे सदिच्छा. ज्या समाजवाद्याला पाणी मोजण्याची पट्टी वाचता येत नाही, तो टोकाच्या शेतकऱ्याला न्याय देऊ शकणार नाही. पण तुम्ही तत्त्व आणि आकडा यांच्यात जी भिंत घालता ती उभी राहील असे मला वाटत नाही. तत्त्व ‘समान तूट’ एवढेच सांगते. कशाची तूट, कोणत्या तारखेला मोजलेली, कोणाच्या गरजा वजा करून, हे सगळे आकडा काढताना ठरते, आणि खरे राजकारण तिथेच घडते. म्हणून आकड्याच्या खोलीत टोकाच्या माणसाला जागा हवी, सगळ्या नोंदी त्याला समजतील अशा मराठीत खुल्या हव्यात, फेरमोजणी मागण्याचा हक्क त्याला हवा. तुम्ही म्हणाल, तोच हक्क वरच्या अंगालाही द्यावा लागेल, आणि त्यांच्याकडे वकील, तज्ज्ञ, कारखान्यांचे पैसे अधिक आहेत. खोली उघडली की बलवान आधी आत शिरेल. तुमची ही भीती खरी आहे. खोली बंद ठेवली तर आत बसलेल्यांची चूक वर्षानुवर्षे कोणाला दिसणार नाही, ही माझी भीतीही खरी आहे. उंबरठा उत्पादनाचे सूत्र असेच बंद खोलीत ठरले होते. साम्यवादाने या दोन भीतींमधला पेच पक्षाच्या हाती सत्ता देऊन सोडवायला पाहिले आणि तो फसला. तंत्रज्ञशाही तो संस्थेच्या हाती सत्ता देऊन सोडवू पाहते. लोकशाही समाजवादाकडेही तयार तोडगा नाही, फक्त हा पेच उघड्यावर सोडवण्याचा आग्रह आहे.

पुरस्कर्ता : उघड्यावर सोडवायला वेळ लागतो, आणि रब्बीची पाळी ठरलेल्या आठवड्यातच यावी लागते. उशिरा आलेला न्याय पिकाच्या कामाचा नसतो. म्हणून मी आधी आकडा स्थिर करीन, मग तो तपासायला खुला करीन.

शंकाकार : मी आधी तो तपासायला खुला करीन, कारण स्थिर झालेला आकडा खुला करणे फार अवघड जाते. जायकवाडीच्या मर्यादेचे फेरपरीक्षण ज्या दिवशी होईल, त्या दिवशी या दोन क्रमांपैकी कोणता पाळला गेला यावर डाव्या कालव्याच्या टोकाच्या चाऱ्यांना पाणी मिळणार की नाही हे ठरेल. तेव्हा परभणीच्या शेतकऱ्यांनी तज्ज्ञांची यादीही पाहावी आणि त्या यादीवर सही कोणाची आहे तेही पाहावे.